फायबर होडीचे भोक पुट्टीने बुजत नाही

संपादक महोदय,

मांडव्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत शिडाच्या जुन्या फायबर होड्या पावसाळ्यासाठी वर काढून शाकारल्या जातात. दुरुस्ती मात्र ‘पाऊस गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडते आणि श्रावणातल्या ओल्या हवेत घाईने उरकली जाते. ओल्या लॅमिनेटवर, म्हणजे काचतंतूंच्या थरांनी बनलेल्या कवचावर, रेझिन (घट्ट होऊन कडक बनणारे चिकट द्रव्य) धरत नाही. होडी एप्रिलमध्येच वर घ्यावी, खराब भागाचा रंग खरवडावा, गोड्या पाण्याने मीठ धुवावे आणि मेच्या उन्हात ती वाळू द्यावी.

तळाचे भोक नाण्याएवढे असले तरी त्यात मोटार गॅरेजातली पुट्टी भरू नये. ती पाणी शोषते, शिवाय भोकाच्या सरळ कडेला तिची पकड नसते, त्यामुळे लाटांच्या माराने बूच निखळते. भोकाभोवती बशीसारखा उतार घासून काढावा, जाडीच्या बारापट रुंद. म्हणजे ६ मिमी जाडीला चहूबाजूंनी सुमारे ७२ मिमी. एवढे घासायला हात धजत नाही, पण सगळी ताकद त्या उतारातच आहे. घासण्याआधी एसीटोनने पुसावे, नाहीतर वरचे मेण पॉलिशपेपरच्या ओरखड्यांत जाऊन बसते. मग ८० नंबरने घासावे.

जुन्या लॅमिनेटवर पॉलिएस्टर रेझिनपेक्षा इपॉक्सी रेझिनची पकड कितीतरी चांगली, म्हणून पाण्याखाली इपॉक्सीच वापरावे. मात्र त्याबरोबर नेहमीची मॅट (सुट्या काचतंतूंची चटई) नको. तिचे तंतू बांधणारा पदार्थ पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे मॅट नीट भिजतच नाही. विणलेले कापड घ्यावे. सर्वांत मोठा तुकडा आधी, मग क्रमाने लहान. दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. रंगाआधी तो साध्या पाण्याने घासून धुवावा. लवकर वाळावे म्हणून इपॉक्सीत हार्डनर (रेझिन घट्ट करणारे रसायन) वाढवू नये, मिश्रण कायमचे मऊ राहते.

पाण्यावरच्या भागाला पॉलिएस्टर चालते. मेच्या उकाड्यात १०० ग्रॅमला १ मिली हार्डनर पुरतो, तो सिरिंजनेच मोजावा. इथे एक धोका आहे. कोबाल्ट (पॉलिएस्टर लवकर घट्ट व्हावे म्हणून घालायचे द्रावण) आणि हार्डनर थेट एकत्र आले तर भडका किंवा स्फोट होतो. रेझिनमध्ये कोबाल्ट आधी नीट ढवळावे, हार्डनर शेवटी. सुटे रेझिन विकणाऱ्या दुकानदारांना आमची कळकळीची विनंती आहे: त्यात कोबाल्ट आधीच मिसळले आहे की नाही, हे डब्यावर मराठीत लिहून द्या.

डेकची भोके वेगळी. तिथे दोन फायबर थरांमध्ये बऱ्याचदा बाल्सा (एक हलके लाकूड) किंवा प्लाय असते. क्लीटच्या (दोर बांधायच्या खुंटीच्या) बोल्टमधून पाणी झिरपते आणि लाकूड आतल्या आत कुजते. ठोकल्यावर बद्द आवाज येतो. नुसते सीलंट (फट बुजवणारा लेप) बदलून काही साधत नाही. कूज पसरलेली नसेल तर ८ मिमीच्या बोल्टसाठी वरचा थर आणि लाकूड १६ मिमीने पोखरावे, खालचा थर शाबूत ठेवावा. त्याच्या भोकाला खालून टेप लावावी, लाकडाला पातळ इपॉक्सी पाजावे आणि वर सिलिका घालून घट्ट केलेले इपॉक्सी भरावे. पक्के झाल्यावर मधोमध ८ मिमीचे भोक पाडून तोंड किंचित खोलगट करावे, म्हणजे सीलंटचे कडे तिथे बसते. सिलिकॉन टाळावे, त्याचा अंश राहिलेल्या जागी पुढे रंग किंवा रेझिन धरत नाही. पॉलिसल्फाइड सीलंट किंवा ब्यूटिल टेप बरी. बोल्टचे डोके स्थिर धरून खालून नट आवळावा; बोल्ट फिरवला की सील तुटते. खाली रुंद पट्टी हवीच, आणि बोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचे.

तळातला व्हॉल्व्ह नळाच्या दुकानातून पितळी आणू नये. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते, धातू गुलाबीसर आणि ठिसूळ होतो. गनमेटलचा (मुख्यतः तांबे-कथिलाच्या मिश्रधातूचा) महाग पडतो, तरी तोच घ्यावा. जुना व्हॉल्व्ह खरवडल्यावर गुलाबी दिसला तर तो बदलल्याशिवाय होडी पाण्यात सोडू नये.

– फायबर होड्यांची दुरुस्ती करणारे कारागीर, रत्नागिरी