आधी रक्त, मग गोळी

चि. अभय यास अनेक आशीर्वाद.

रात्री तळपायांना मुंग्या येतात, पायावर चादरसुद्धा नको वाटते, आणि केमिस्टने 'नसांच्या ताकदीची' स्ट्रिप दिली आहे, असं परवा फोनवर म्हणालास. ती स्ट्रिप अजून फोडली नसशील तर तशीच ठेव. आधी रक्तातलं बी१२ तपासून घे. त्या गोळीत मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२च असतं. ते पोटात गेलं की रिपोर्टातला आकडा चढतो, आणि मुळात कमतरता होती का हे मग धड कळत नाही.

मधुमेह आहे म्हणजे मुंग्या साखरेच्याच, असं धरून चालू नकोस. तुझ्या शुगरच्या गोळीच्या मागची बारीक अक्षरं वाच: ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम, मेटफॉर्मिन १००० मिलिग्रॅम. दिवसाला दोन, म्हणजे मेटफॉर्मिन २००० मिलिग्रॅम झालं, आणि तेही आठ वर्षं. एकाच गोळीत दोन औषधं असतात हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.

अन्नातलं बी१२ आतड्यात इंट्रिन्सिक फॅक्टर नावाच्या प्रथिनाला चिकटतं, आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला ही जोडी शोषली जाते. त्या कामाला कॅल्शियम लागतं. मेटफॉर्मिन बहुधा तिथेच आडवं येतं. यकृतात २ ते ५ मिलिग्रॅम साठा असतो आणि रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणून वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. डोस मोठा आणि वर्षं जास्त, तितका धोका अधिक. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०२२ साली बी१२ कमी होणं हा मेटफॉर्मिनचा 'कॉमन' दुष्परिणाम ठरवला, म्हणजे दहातल्या एकापर्यंत. तू शुद्ध शाकाहारी, त्यात अ‍ॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल. अन्नातलं बी१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, तेच ती गोळी कमी करते. तुझ्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत, म्हणून मला काळजी वाटते.

बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटलेस की तोल जातो का, ते बघ. चालताना चप्पल पायातून निसटते आणि कळतच नाही, असं होतं का? जीभ लाल, गुळगुळीत, झोंबणारी झाली आहे का? डॉक्टर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा, पायाच्या अंगठ्यावर टेकवतील. त्याची थरथर जाणवली नाही तर तसं स्पष्ट सांग, अंदाजाने 'हो' म्हणू नकोस.

बी१२ सोबत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) हेही कर. सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार, १००च्या वर असेल तर संशय पक्का होतो, पण नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. लोहही कमी असेल तर पेशी लहान होतात, आणि दोन्ही कमतरता मिळून आकडा मधोमध दिसतो. शिवाय रक्त ठीक असतानाही नसा बिघडू शकतात. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड तर मुळीच सुरू करू नकोस. त्याने हिमोग्लोबिन सुधारतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं. केसांसाठी बायोटिन घेत असशील तर लॅबला विचारून दोन-तीन दिवस आधी बंद कर, काही मशिनांवर त्याने आकडा चुकतो.

बी१२ २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आलं तर कमतरता. २०० ते ३००मध्ये अडकलं तर मिथाइलमॅलॉनिक अ‍ॅसिड तपासायला सांग, बी१२ कमी पडलं की ते रक्तात वाढतं. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही ते वाढतं, म्हणून क्रिएटिनिन. नसांची लक्षणं असताना सहसा १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं सुरुवातीला एक दिवसाआड देतात, मग अंतर वाढवतात. नेमकं वेळापत्रक डॉक्टर ठरवतील. पुढे रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळी पुरते. तिच्यातलं साधारण एक टक्का इंट्रिन्सिक फॅक्टरविना शोषलं जातं, तरी गरजेच्या चौपट होतं. मुंग्या कमी व्हायला काही महिने लागतात, आणि उशीर झाला तर थोडं नुकसान राहूनही जातं.

मेटफॉर्मिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नकोस. चांगलं औषध आहे, फक्त वर्षातून एकदा बी१२ बघत राहायचं. रोज दोन पेले दूध, वाटीभर दही घे. शेवग्याची पानं, स्पिरुलिना, इडलीचं आंबवण यांच्या भरवशावर राहू नकोस, त्यांतून उपयोगी बी१२ मिळत नाही.

शनिवारी सकाळी रक्त देऊन ये. रिपोर्टांचे फोटो पाठव, आणि पँटोप्राझोल किती वर्षं चालू आहे तेही कागदावर लिहून ठेव. डॉक्टरांसमोर नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

तुझी,
आई