गोष्ट सांगतंय कोण?

ती. ताईस,
सा. नमस्कार.

पुस्तकं इथून पाठवायची तर वजन फार होतं, म्हणून सध्या नुसती मतंच पाठवतो. अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या नाना तऱ्हेच्या आहेत, पण प्रत्येकीला मी एकच प्रश्न लावून पाहिला : गोष्ट सांगतंय कोण, आणि त्याला हे कळलं कसं?

या परीक्षेत सगळ्यात चोख उतरली ती विल्की कॉलिन्सची 'द मूनस्टोन' (१८६८). १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं, तेव्हा लुटलेला हिरा इंग्लंडात पोचतो आणि एका मुलीच्या वाढदिवसाच्या रात्री नाहीसा होतो. पुढची हकिकत एकेक जण लिहितो. अट एवढीच की त्या वेळी आपल्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहायचं, मागाहून कळलेलं त्यात मिसळायचं नाही. बहुतेक वाचक सुरुवातीलाच अडखळतात, कारण घरचा म्हातारा कारभारी बेटरेज हिरा सोडून भलतीकडेच भटकत राहतो. कंटाळून तू पानं उलटू नकोस. वाढदिवसाच्या जेवणातली किरकोळ बाचाबाचीसुद्धा नीट वाच. उलगडा झाल्यावर तिथंच परत यावं लागतं. नंतर येणारी मिस क्लॅक मात्र धमाल आहे. धर्मपुस्तिका वाटत फिरणाऱ्या या बाईला वाटतं की आपण दुसऱ्यांची पापं नोंदवतोय. उघडी पडते ती स्वतःच.

'ड्रॅक्युला' (१८९७) ही भयकथा आहेच, पण मला ती कागदपत्रांची गोष्ट म्हणून जास्त आवडली. रोजनिशा, पत्रं, तारा, जहाजाची नोंदवही असा सगळा ऐवज आहे. डॉक्टर सेवर्ड आपली रोजनिशी फोनोग्राफवर, म्हणजे मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपणाऱ्या यंत्रावर, बोलून ठेवतो आणि महिन्यांनंतर त्याच्या लक्षात येतं की हवा तो भाग शोधायचा कसा, हे आपल्याला माहीतच नाही! मग हार्कर या वकिलाची बायको मीना ते सगळं टाइप करते, प्रती काढते, तारखांप्रमाणे लावते. पुढे ड्रॅक्युला हस्तलिखित आणि फोनोग्राफची नळकांडी जाळतो, पण तिजोरीत दुसरी प्रत असते. हा शत्रू क्रुसाइतकाच कार्बन कॉपीनेही हरतो! पहिली चार प्रकरणं, म्हणजे किल्ल्यातली हार्करची रोजनिशी, अप्रतिम. मधल्या भागात व्हॅन हेल्सिंग या डच डॉक्टरची भाषणं लांबतात. त्याचं मोडकंतोडकं इंग्रजी भाषांतरात सपाट होऊन जातं, त्यामुळे ती आणखीच जड वाटतात.

अँडी वीअरच्या 'द मार्शियन'मध्ये दैनंदिनीची खरी अडचण दिसते. मंगळावर अडकलेला माणूस आजची नोंद लिहितोय म्हणजे आज तो जिवंत आहे, मग धास्ती आणायची कुठून? लेखक मध्येच नोंदवही सोडतो आणि तंबूच्या कापडाचा एक तुकडा कसा तयार झाला ते कुणी तिऱ्हाईतानं सांगावं तसं सांगू लागतो. तिथं वाचणारा सावध होतो. आता हे फाटणार! नियम मोडला खरा, पण मोडण्याला कारण आहे. गणितं बरीचशी पटतात. ज्या वादळामुळे तो अडकतो ते सुरुवातीचं वादळ मात्र खोटं : मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथला वारा वेगात वाहिला तरी कादंबरीतल्यासारखा धक्का देऊ शकत नाही. लेखकानं स्वतःच हे मान्य केलं आहे.

'रेबेका'बद्दल (१९३८) एवढंच : सांगणारीचं नाव शेवटपर्यंत कळत नाही आणि मेलेल्या बाईचं नाव मुखपृष्ठावर. ज्याला यात काही वावगं वाटणार नाही त्याने ती वाचू नये.

आणि 'कोसला' (१९६३) पुन्हा काढलीच. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' यांची नक्कल करणारे पुष्कळ झाले, पण गोष्ट सांगणारा पांडुरंग सांगवीकर ते शब्द कुठे वापरतो हे कुणी फारसं बघत नाही. स्वतःबद्दल काही ठाम बोलायची वेळ आली की तो त्यांच्या आड दडतो. धाकट्या बहिणीच्या मृत्यूपाशी मात्र ही आडोशाची भाषा पुरत नाही, आणि कादंबरी तिथंच सगळ्यात खरी होते.

तू 'मूनस्टोन'पासून सुरुवात कर आणि शेजारी कागद ठेवून कोण कुठवर सांगतो ते टिपत जा. 'ड्रॅक्युला' मराठीत घेतलास तर आधी प्रकरणं मोज. २७ नसतील तर तो संक्षेप समज, आणि अशा संक्षेपात बहुधा आधी कात्री लागते ती पत्रांना आणि नोंदींना.

तुझा,
धाकटा