धूळ पोटातल्या बाळापर्यंत पोचते

संपादक महोदय,
आपल्या गोव्यात वास्कोत कोळशाची भुकटी आणि डिचोली, उसगावकडे खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ, यावर बोलणं निघालं की कपडे खराब होतात, घर खराब होतं एवढंच बोलतात. माझी सून गरोदर आहे, सकाळी बाल्कनीच्या कठड्यावर बोट फिरवलं की काळं होतं, म्हणून ती दिवसभर खिडक्या लावून बसते, पण पीएम २.५ म्हणजे हवेतले अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसापेक्षा कितीतरी बारीक, ते फटीतून आत येतातच आणि फुफ्फुसातून रक्तात जातात. २०१९ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांना वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूलाही काजळीचे कण सापडलेत! मूल कमी वजनाचं किंवा दिवस भरायच्या आधी जन्मायचा धोका यानेही वाढतो. आणि लहान मुलं तर मोठ्यांपेक्षा भरभर श्वास घेतात.

जागतिक आरोग्य संघटना पीएम २.५ ची मर्यादा वर्षाच्या सरासरीने घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम सांगते, आपल्याकडे ४० चालतं, हे मला अजिबात पटत नाही.

ट्रकवर ताडपत्री नीट बांधायला लावा, अंगणवाडी सुटायच्या वेळी वाहतूक थांबवा आणि हवेचे रोजचे आकडे हेल्थ सेंटरच्या बोर्डावर मराठी-कोकणीत लावा, गरोदर बायका तिथे तपासणीला येतातच.

– एक वाचक, वास्को