सुमे, वाटेत इंग्रजीकडे थांबू नकोस

पुणे, रविवार

प्रिय सुमे,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलेलं नाही. हवं तेवढं रागाव, पण हे आधी वाच. आईचा गुडघा आता बरा आहे, बाकी सगळं ठीक.

परवाचा तुझा आवाज काही केल्या डोक्यातून जात नाही. इटलीत, बोलोन्याला जाऊन दोन महिने झाले तरी तू दुकानात बोट दाखवून चीज मागतेस, आणि समोरच्याने इंग्रजी काढलं की सुटल्यासारखी त्यातच बोलू लागतेस. फेब्रुवारीत तोंडी परीक्षा आहे, बाई! तिथे बऱ्याचशा परीक्षा प्राध्यापकांसमोर बसूनच होतात. गुण ३० पैकी, १८ ला पास.

तुला शब्द येतात गं. मराठीतला विचार तू आधी इंग्रजीत नेतेस आणि तिथून इटालियनमध्ये आणतेस, अडतं ते तिथे. 'मला कॉफी आवडते' म्हणजे 'मि प्याचे इल काफ्फे'. 'मि' म्हणजे 'मला'. ऑलिव्ह आवडत असतील तर 'मि प्याच्चोनो ले ओलिवे', आपल्या 'आवडतात'सारखंच अनेकवचन. इंग्रजीतून गेलीस की 'मला'चं 'मी' होतं आणि वाक्य मोडतं.

दहावीत कर्मणी प्रयोगावरून आपण किती भांडलो, आठवतंय? 'हे शिकून कुणाचं भलं झालंय?' म्हणायचीस. तुझंच होणार आहे! 'पोळी खाल्ली', 'आंबा खाल्ला', क्रियापद कर्माप्रमाणे. तिथे कर्माच्या जागी सर्वनाम पुढे आलं की तेच होतं: पानीनो म्हणजे सँडविच, पुल्लिंगी, तो खाल्ला तर 'लो मांजातो', मेला म्हणजे सफरचंद खाल्लं तर 'लो मांजाता', कारण मेला स्त्रीलिंगी. आणि 'तो गेला, ती गेली' हे 'ए आंदातो, ए आंदाता'. तुझ्या वर्गातल्या इंग्रजी मुलांना हे घोकावं लागत असेल, तुझ्या तोंडात ते लहानपणापासून आहे.

उच्चारांचंही तेच. त आणि द आपलेच, ट-ड नकोत. 'पिझ्झा' नाही, 'पित्सा'. त्यातला त्स म्हणजे 'चमचा'तला च. 'चेना' म्हणजे रात्रीच्या जेवणातला च मात्र 'चहा'तला. जोडाक्षरावर 'पक्का'सारखी थांब. 'कापेल्लो' म्हणजे केस आणि 'काप्पेल्लो' म्हणजे टोपी. घाईत एक प खाल्लास तर दुकानदार केसांकडे बघेल.

आता चीजच्या दुकानाचं. चिठ्ठीचं यंत्र असेल तर आधी नंबर घे, 'बुओनजोर्नो' म्हण ('चाओ' ओळखीच्यांना), मग 'वोर्रेई दुए एत्ती दि पेकोरीनो', म्हणजे मला दोन एत्ती पेकोरीनो चीज हवंय. एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. 'आल्त्रो?' म्हणजे आणखी काही? त्यावर 'बास्ता कोसी', बस एवढंच. त्यांनी इंग्रजी काढलं तर हसून 'पोस्सो प्रोवारे इन इतालियानो?' (इटालियनमध्ये प्रयत्न करू का?) विचार, भराभर बोलले तर 'पुओ रिपेतेरे प्यू प्यानो?' (जरा हळू पुन्हा सांगाल का?) एकाच दुकानात आठवडाभर जा. तीच माणसं, तेच प्रश्न, म्हणजे भीती मोडते. रोज नवं दुकान गाठलंस तर रोज पहिलाच दिवस.

शब्द अडला तर गप्प बसू नकोस. आपल्या 'तर'च्या जागी 'आल्लोरा', 'म्हणजे'च्या जागी 'चोए'. एवढ्यात पुढचा शब्द सुचतो आणि समोरचा इंग्रजीकडे वळत नाही. प्राध्यापकांना 'लेई' म्हण, म्हणजे आदराचं 'तुम्ही'. शब्द 'ती'चाच, पण पुरुष असले तरी हेच, आणि क्रियापदही 'ती'चं. वर्गमित्रांना 'तू', अगदी आपल्यासारखं.

परीक्षेत पुष्कळदा पहिला प्रश्न 'आर्गोमेंतो आ प्याचेरे', म्हणजे आपल्या आवडीचा विषय. तो आत्ताच ठरव आणि मोठ्याने पाच मिनिटं बोल. वाचू नकोस, बोल! गुण पटले नाहीत तर बहुतेक ठिकाणी ते नाकारून पुढच्या फेरीला बसता येतं, तेव्हा एका दिवसावर जीव टांगू नकोस.

दादाच्या लग्नाची तारीख ठरली का? नव्या खोलीत हीटर नीट चालतो ना? थंडीची टोपी घेतलीस की नाही? (दोन प!)

पुढच्या रविवारी त्या पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग पाठव. थांबलेलं, अडखळलेलं, जसं असेल तसं. मी वही घेऊन बसणार आहे.

तुझीच,
मनी