विसार देण्याआधी होडी पाण्यात बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून उजाडला की आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत ‘होडी विकणे आहे’ दिसायला लागते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून झापांखाली शाकारलेल्या, आणि नव्या हंगामाआधी बोट हवी असलेल्याला घाई. फसवणाऱ्याला याहून सोयीचे दोन महिने नाहीत. बोट जमिनीवर असताना ती पाण्यात कशी चालते हे दाखवा, असे कोण म्हणणार?

माझ्या पुतण्याने गेल्या पावसाळ्यात चार सिलिंडरची एक लाकडी बोट ठरवली. रंग ताजा, भाव इतरांपेक्षा बराच कमी, बोट दाखवणारा गृहस्थ गोडबोल्या. ‘उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हटल्याबरोबर पोराने दीड लाखाचा विसार मोजला आणि पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी करून घरी पेढे आणले. नारळी पौर्णिमेच्या तोंडावर कळले ते असे: त्याच बोटीचा विसार आणखी दोघांनी दिलेला, बोट मच्छीमार संस्थेच्या कर्जाला तारण, आणि दाखवणारा होता मालकाचा मेहुणा. मूळ मालक मुंबईत, त्याला सौद्याचा पत्ताच नाही. मी तीस वर्षे तांडेलकी, म्हणजे बोट चालवण्याचे काम, केली, पण मला घेऊन जावे असे पुतण्याला वाटले नाही. असो.

नेले असते तर मी आधी हातोडी मागितली असती. पठाणापासून, म्हणजे तळाच्या कण्यापासून, नाळेपर्यंत, म्हणजे पुढच्या टोकापर्यंत, फळी ठोकत जायचे. चांगले लाकूड खणखणीत बोलते, आतून किड्याने खाल्लेले भद्द वाजते. सगळी बोट जुन्या रंगाची आणि एकच वावभर जागा नवी रंगवलेली असेल, तर बाकीचे सोडून तिथेच बसावे. फायबरची होडी असेल तर अंगठ्याने दाबून बघावी, कुठे मऊ लागते का, फोड आलेत का. इंजिन किनाऱ्यावर दोन मिनिटे धडधडवून दाखवतात, त्यावर भुलू नये. तेलाची काडी बाहेर काढावी, तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर आत पाणी शिरले आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. आणि हे सगळे ठीक असले तरी पुरी रक्कम १ ऑगस्टनंतरच द्यावी, दोन तास समुद्रात फिरून आल्यावर. विकणारा थांबायला तयार नसेल, तर आपले उत्तर आपल्याला मिळाले.

कागदांचे म्हणाल तर नोटरी म्हणजे मालकी नव्हे. नाळेजवळ रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि इंजिनावर कोरलेला नंबर टिपून घ्यावा, तो मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे न्यावा आणि नोंदणी कोणाच्या नावावर आहे ते विचारावे. संस्थेचा आणि बँकेचा ना-देय दाखला हातात आल्याशिवाय पुढे सरकू नये. २००८ साली मुंबईवरचा हल्ला पोरबंदरच्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीतून आला, तेव्हापासून बोट कोणाची हा प्रश्न फक्त घेणाऱ्या-विकणाऱ्याचा राहिलेला नाही. ‘पर्ससीनच्या परवान्यासकट देतो’ असे कोणी म्हणाले (पर्ससीन म्हणजे थव्याभोवती वेढा घालायचे मोठे जाळे), तर दोनदा विचार करावा. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठेवले आणि परवान्यांची संख्या कमी करायचे ठरवले. असा परवाना बोटीबरोबर भेट मिळत नाही.

विकणाराही काही सुरक्षित नसतो. आमच्या वाडीतल्या एकाने बोट विकली, पैसे घेतले आणि नाव बदलण्याचे काम ‘तो करील’ म्हणून सोडून दिले. नव्या मालकाने एलईडी दिवे लावून मासेमारी केली, जिच्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे. बोट पकडली गेली आणि नोटीस आली ती जुन्या मालकाच्या दारात, कारण कागदावर बोट अजून त्याचीच. खात्यात हेलपाटे मारून त्याच्या चपला झिजल्या. म्हणून बोटीची चावी द्यायची ती हस्तांतराचा अर्ज दोघांनी मिळून भरल्यावरच.

फोनवरच्या गिऱ्हाईकांविषयी थोडक्यात. ‘मी लष्करात आहे, बोट न बघताच घेतो, क्यूआर कोड पाठवतो’ असे कोणी म्हणाला की फोन ठेवावा. पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पैसे गेलेच, तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर कळवावे. उद्या बघू म्हटले की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते.

संपादक महाशय, आता आपल्याकडे एक मागणे. ‘होडी विकणे आहे’ या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि होडी कोणत्या बंदरात आहे, एवढे तरी छापायला लावा. आज आपल्या रकान्यात फक्त ‘उत्तम स्थितीत’ आणि मोबाईल नंबर असतो. फार तर एक ओळ वाढेल, आणि तिचे पैसे जाहिरात देणाराच भरील.

आपला,
एक निवृत्त तांडेल
हर्णै, ता. दापोली