केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र : पितृत्वाचा दावा लावायचा कोणी?

मा. मंत्री महोदय,

१ जुलै २०२४ रोजी १८७२ चा पुरावा कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला. जुने कलम ११२ मात्र नव्या कलम ११६ मध्ये जवळपास जसेच्या तसे उतरले. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपल्यावर आईने पुन्हा लग्न केलेले नसताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच धरायचे. अपवाद एकच, त्या काळात पती-पत्नीचा संबंध येणे शक्यच नव्हते असे सिद्ध झाले तर. म्हणजे पितृत्व कसे ठरवायचे ते कायद्यात आहे. तो प्रश्न न्यायालयात नेण्याचा हक्क कोणाला, हे मात्र एका जागी कुठेच लिहिलेले नाही.

त्यामुळे पक्षकाराला दार शोधत फिरावे लागते. कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ चे कलम ७ 'औरसता', म्हणजे मूल वैध विवाहातले असणे, जाहीर करण्याबद्दल बोलते, पितृत्वाबद्दल नाही. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालय आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाचे कलम ३४. ते स्वतःचा कायदेशीर दर्जा जाहीर करून मागणाऱ्यासाठी आहे. मूल त्यात सहज बसते. आईने स्वतःच्या नावाने दावा लावला की 'तुमचा कोणता दर्जा?' ही हरकत येते. म्हणूनच जाणता वकील 'अज्ञान मूल, तर्फे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ती) आई' असाच, म्हणजे मुलाच्या नावाने, दावा लिहितो. आपण जैविक पिता आहोत असे म्हणणाऱ्या परपुरुषाची वाट तर याहून अवघड.

पोटगीचा मार्ग सोपा वाटतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम १४४ खाली अनौरस मुलालाही पोटगी मिळते. पण दंडाधिकाऱ्याचा निष्कर्ष पोटगीपुरताच. जन्मनोंदीत वडिलांचे नाव बदलायला किंवा वारसा सांगायला तो पुरत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जन्मनोंद बदलण्यासाठी महापालिकेने न्यायालयाचा आदेश मागितला, आणि तिथून दिवाणी दावा, मग पोटगी, मग अपिले अशी रांग लागली. मूल २००१ मधले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल जानेवारी २०२५ मध्ये आला.

मुदतीचा घोळ वेगळाच. मुदत अधिनियमाच्या अनुच्छेद ५८ प्रमाणे दावा करण्याचा हक्क पहिल्यांदा उद्भवल्यापासून ३ वर्षे. लहानपणीच बापाने नाकारलेल्या मुलाला सज्ञान झाल्यावर फार तर २१ व्या वर्षापर्यंतच वेळ आहे, असा युक्तिवाद समोरून होतो. स्वतःचा बाप कोण हे विचारायला मुदत असूच नये, असे आमचे ठाम मत आहे.

दुसऱ्या टोकाला, ज्यांना हा प्रश्न विचारू देऊ नये तेही आज तो सहज विचारतात. मिळकतीच्या वादात भाऊबंद लेखी कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या उत्तरात, 'हा त्यांचा मुलगाच नव्हे' असे एक वाक्य घालतात आणि डीएनए चाचणीचा अर्ज देतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा वादात चाचणीची सक्ती नाकारली, तरी अर्ज थांबलेले नाहीत. घटस्फोटाच्या अर्जात मुलाचे रक्त मागितले जाते आणि ते मूल त्या खटल्यात पक्षकारही नसते. पुण्याच्या एका प्रकरणात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवले. त्याआधी २०१४ मध्ये त्याच न्यायालयात विदर्भातल्या पोटगीच्या प्रकरणात मात्र डीएनए अहवाल कलम ११२ च्या गृहीतकापेक्षा वरचढ ठरला होता. तालुक्याच्या न्यायाधीशाने यातले काय धरायचे?

जर्मन नागरी संहितेचे कलम १६०० पितृत्वाला आव्हान कोण देऊ शकतो त्यांची यादीच देते, आणि त्यासाठी साधारणपणे माहिती मिळाल्यापासून २ वर्षांची मुदत आहे. इंग्लंडमध्ये १९८६ च्या कौटुंबिक कायद्याचे कलम ५५अ अर्ज कोणालाही करू देते, पण स्वतःच्या आईबापांबद्दल किंवा अपत्याबद्दल विचारणारा सोडून इतरांना पुरेसा वैयक्तिक हितसंबंध दाखवावा लागतो.

कलम ११६ च्या जोडीला असेच एक कलम हवे. मुलाला आजन्म हक्क. आईला स्वतःच्या नावाने हक्क. पतीला शंकेचे कारण कळल्यापासून २ वर्षे. जैविक पितृत्व सांगणाऱ्याला आधी प्रथमदर्शनी पुरावा आणि मुलाचे हित दाखवण्याची अट. वारसांना, मृताने स्वतः हयातीत दावा लावला नसेल तर, मज्जाव. आणि चाचणीच्या कोणत्याही अर्जावर आदेश होण्यापूर्वी मुलाला नोटीस व आईबापांखेरीज तिसरा, दाव्यापुरता पालक.

आपले,
कौटुंबिक व दिवाणी न्यायालयांत वकिली करणारे काही जण