ती पाचही तिथेच राहू देत

घणसोली
रविवार, रात्री

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू चिडून फोन ठेवलास, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पुण्यातल्या तुमच्या जिन्याखालची कुत्री आणि तिची चार पिल्लं आमच्या भटक्या कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये आणायची म्हणून तुझा जीव एवढा कासावीस होतो, हे ऐकून बरंच वाटलं. फोनवर मात्र तुझं रडू थांबेना आणि माझं बोलणं पुरं होईना, म्हणून सगळं लिहून पाठवतोय. "जागा नाही म्हणतात, मग शेल्टर कशाला म्हणायचं?" असं तू विचारलंस. शेल्टर सांभाळणाऱ्या ताईंनी तुला नाही सांगितलं तेव्हा मी तिथे नव्हतो. असतो तरी मी हेच सांगितलं असतं.

आमचं शेल्टर तू पाहिलं आहेस. महापे-शिळफाटा रस्त्याने पुढे जाऊन आत वळलं की ती भाड्याची जमीन, पत्र्याची शेड, जाळीचे कप्पे आणि मागे नुसतं गवत. तुला वाटणार, एवढं रान मोकळं पडलंय, पाच कुत्र्यांनी काय होतंय? पण आमच्याकडे जागा मोजतात ती दोन गोष्टींवर. आजारी जनावर वेगळं ठेवता येईल असे कप्पे किती, आणि त्यांचं करायला हात किती. कप्पे मोजके आहेत. हात त्याहून कमी. तिथे राहणारे काका-काकू, संध्याकाळी दवाखाना आटपून येणारे डॉक्टर, ताई आणि सुटीच्या दिवशी येणारे आम्ही काही जण.

भुऱ्याचं उदाहरण घे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गाडीने उडवला, कणा गेला, मागचे पाय कायमचे लुळे झाले. त्याला स्वतःहून लघवी होत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पोटाच्या मागच्या भागावर दोन्ही हातांनी हलका दाब देऊन त्याचं मूत्राशय रिकामं करावं लागतं. चुकलं तर लघवी तुंबते, जंतुसंसर्ग होतो, मूत्रपिंडापर्यंत जातो. हे काम मी काकांकडून शिकलो. पिशवी हाताला लागेपर्यंत बोटं फिरवत राहायचं आणि सापडली की घाई न करता दाबायचं. शिवाय दर काही तासांनी कूस बदलायची, नाहीतर हाडाच्या टोकाशी जखमा होतात. पुढच्या दोन पायांवर खुरडत तो अख्ख्या शेडभर फिरतो आणि जेवणाचा टोप उतरवला की सगळ्यांच्या आधी हजर असतो. मला तो फार आवडतो. आता असं बघ, उद्या आम्ही पाच नवी जनावरं घेतली तर काकांचा दिवस काही पाच तासांनी वाढणार नाही. ते तास भुऱ्याच्या वाट्यातून जातील.

आणि पिल्लांचं तर याहून अवघड आहे. पिल्लू येतं ते शेपूट हलवत येतं. पार्व्हो हा पिल्लांच्या आतड्यांचा जीवघेणा रोग. त्याचा विषाणू अंगात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, त्यामुळे आल्या दिवशी कुणालाच काही कळत नाही. मग एका सकाळी पिल्लू कोपऱ्यात बसून राहतं, खाणं टाकतं, फेसाळ उलट्या सुरू होतात आणि मागोमाग रक्ताचे जुलाब. त्या जुलाबाचा वास एकदा नाकात बसला की पुन्हा कधीही ओळखू येतो. थेट विषाणू मारणारं हाताशी असं औषध नाही. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, अँटिबायोटिक द्यायचं, अंग ऊबदार ठेवायचं आणि पुढचे चार-पाच दिवस पिल्लाने तग धरावा म्हणून झटायचं. रात्रभर कुणीतरी शेजारी बसावं लागतं, कारण जरा डोळा लागला की ते सुई ओढून काढतं. मी तसा बसलो आहे. काही पिल्लं सकाळी मान वर करून बघतात, काही नाही.

हा रोग जगात पहिल्यांदा ओळखला गेला १९७८ च्या सुमारास, मी शाळेत असताना. म्हणून आपल्या जुन्या माणसांच्या बटव्यात यावर काही नाही. हळद-दह्यावर पिल्लू ठेवून दोन दिवस वाट पाहणारी चांगली माणसं मी बघितली आहेत. तुला कुणी तसं सांगितलं तर ऐकू नकोस, त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

हा विषाणू फरशीवर, जाळीवर, मातीत, चपलेच्या तळव्याला महिनोन्महिने टिकतो. फिनाइलने वास जातो, पार्व्हो जात नाही. आधी सगळी घाण धुऊन काढायची, मग ब्लीचचं पाणी टाकून फरशी दहा मिनिटं ओली राहू द्यायची आणि मग धुवायची. सिमेंटची फरशी अशी धुता येते, पण पावसाळ्यात चिखल झालेलं ते मागचं मोकळं रान कसं धुणार? दिवाळीनंतर आमच्याकडे पार्व्हो येऊन गेला. तुझी चार पिल्लं आज आईच्या दुधावर आहेत, लस एकही झालेली नाही, आणि तू त्यांना पुण्याहून गाडीत घालून नेमकी त्याच फरशीवर आणायची म्हणतेस. ताईंनी नाही म्हटलं ते त्या पिल्लांसाठीच, मनू.

पैशांचंही सांगतो, कारण जमाखर्चाची वही आता मी लिहितो. तांदळाची कणी, कोंबडीचे पाय नि माना, भोपळा, हळद, हे रोजचं. जमिनीचं भाडं, काका-काकूंचा पगार, ब्लीच, गोचिडीची औषधं, मार्चनंतर पाण्याचे टँकर. मेडिकलवाल्याची उधारी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते, पण तो बिचारा अजून कधी नाही म्हणाला नाही. पाय मोडलेल्या पिल्लाचा फोटो टाकला की एका रात्रीत ऑपरेशनचे पैसे जमतात, आणि देणाऱ्यांचे आम्ही मनापासून ऋणी आहोत. टँकरचा फोटो टाकून मात्र काही जमत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोजा एमआयडीसीतली निळी कुत्री सगळ्या देशाने पाहिली, तुलाही आठवत असेल. रंगाच्या कारखान्यातला रंग त्यांच्या अंगावर चढला होता आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न त्यामुळे एकदम वर आला. कुत्री निळी झाली म्हणून दिसली तरी. आमच्या शेडमधली सगळी तांबडी, काळी, पांढरी. त्यांना बघायला कुणी येत नाही, आणि रोज दोन वेळा भूक तर लागतेच.

त्यात गेल्या नोव्हेंबरपासून, म्हणजे ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून, ताईंचा फोन थांबत नाही. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बस डेपो, रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यायची, परत तिथे सोडायची नाहीत, असं त्यात आहे. आदेशाबद्दल माझं मत विचारशील तर रुग्णालयात आलेल्या पेशंटला कुत्र्याची भीती वाटू नये हे मला पटतं. पण शेल्टरं आधी उभी करायला हवी होती. आम्ही सरकारी नाही, तरी लोकांना नंबर मिळतो तो आमचाच.

आता तुझ्या जिन्याखालच्या कुत्रीबद्दल. तिथल्या सोसायटीला ती नकोशी झालीय, हे तुझं खरं दुखणं. तिला इकडे आणून ते मिटणार नाही. कुत्रा आपल्या गल्लीत जगतो. कुठे पाणी मिळतं, कोणती गाडी जोरात येते, कोणता माणूस दगड मारतो, हे तिला तिकडे पाठ आहे. अनोळखी भागात टाकलीस तर तिथली कुत्री तिला फाडतील, आणि तुमच्या जिन्याखालची रिकामी जागा बघून महिन्याभरात दुसरी, लस नसलेली कुत्री येईल. म्हणून तर, आदेशातल्या त्या शाळा-रुग्णालयांसारख्या जागा सोडल्या तर, नसबंदी आणि रेबीजची लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच परत सोडायचं, असा नियम आहे. २०२३ चे एबीसी नियम, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे केंद्र सरकारचे नियम, मी वाचलेत, तूही वाच. सोसायटीच्या आवारातल्या कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा ठरवणं हे सोसायटीचंही काम आहे असं त्यात स्पष्ट आहे, आणि ती जागा जिना, येण्याजाण्याची वाट नि मुलांच्या खेळण्यापासून दूर हवी हेही आहे. तू सध्या जिन्यातच वाटी ठेवतेस. लोकांचा निम्मा राग त्यावरच असणार. पार्किंगच्या मागच्या भिंतीकडे ठेव, ठरलेल्या वेळी, आणि खाऊन झालं की जागा झाडून घे. चेअरमनशी बोलायला जाशील तेव्हा झाडलेली जागा तुझ्या बाजूने बोलेल.

पिल्लं मोठी होऊन दूध सुटलं की आईची नसबंदी. पुणे महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागाला फोन कर आणि भागातल्या खाऊ घालणाऱ्या बायका शोध, त्यांना सगळं माहीत असतं. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच पाडतात. ती खाच दिसली की शेजाऱ्यांना समजावणं सोपं जातं. पिल्लांना दोन महिने आईजवळून हलवू नकोस. थंडी आहे, तर खाली गोणपाट घाल. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तेव्हा. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांची होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. खर्च मी पाठवतो, तो शेल्टरच्या वहीत जाणार नाही, तुझ्या बाबाच्या खिशातून जाईल.

मग घरं शोधायची. इथे एक गोष्ट तुला आधीच सांगून ठेवतो, कारण तुला ती फार लागेल. चारात माद्या किती आहेत ते बघ. लोक येतात, उचलून बघतात आणि "मादी नको" म्हणून खाली ठेवतात. आमच्याकडे दर खेपेला हेच होतं आणि दर खेपेला माझ्या पोटात तुटतं. मुलीचा बाप आहे ना मी. अशा माणसांशी शांतपणे बोल. नसबंदी झाली की पिल्लांचा प्रश्नच येत नाही, हे बऱ्याच जणांना खरंच ठाऊक नसतं. पटलं तर त्यांना दे. "राखणीला बांधून ठेवू" म्हणणाऱ्याला मात्र देऊ नकोस, कितीही मोठा बंगला असला तरी.

आणि आता हे नीट वाच. पिल्लांची आई कितीही ओळखीची असली तरी पिल्लाला हात लावताना ती चावू शकते. तुला रेबीजची लस आधीच घेऊन ठेवायची आहे. शेल्टरला जायला लागलो तेव्हा मीही घेतली. तरीही दात किंवा नख लागलं, जखम छोटी असली तरी, तर नळाखाली धरून साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. चुना, हळद, तिखट काहीही लावायचं नाही. लगेच दवाखाना, आधी लस घेतली आहे हे डॉक्टरांना सांगायचं, आणि ते देतील ते सगळे डोस पुरे करायचे, मधला एकही न सोडता. रेबीजची लक्षणं दिसू लागली की डॉक्टरांच्या हाती काही उरत नाही. कुत्र्यांवर माया करणारी माणसंच "आपलाच आहे तो" म्हणून यात हयगय करतात. तू करायची नाहीस. मला फोन जखम धुऊन झाल्यावर कर, आधी नाही.

तू विचारलंस, मला इथे काय मिळतं. दर रविवारी सकाळी गमबूट चढवतो आणि आधी धडधाकट कुत्र्यांचे कप्पे साफ करतो, आजाऱ्यांचे शेवटी, म्हणजे रोग हातापायांवरून इकडचा तिकडे जात नाही. पावसाळ्यात अळ्या पडलेल्या जखमा चिमट्याने साफ कराव्या लागतात. गोचिडी काढायच्या, ताप बघायचा, वहीत लिहायचं. कोपऱ्यातल्या कप्प्यात एक कुत्री आहे, तिला कुणीतरी गरम पाणी ओतून भाजलं होतं. किती तरी रविवार मी तिच्या कप्प्यात पाठ करून नुसता बसायचो, पेपर वाचत. एकदा पेपर वाचता वाचता पाठीला तिचं नाक लागलं. मी हललो नाही, पान उलटायचंही थांबलो. कंपनीत इतकी वर्षं नोकरी केली, पण त्या सकाळी मला जे वाटलं ते तिथे कधी वाटलं नव्हतं.

तुझी परीक्षा झाली की ये. एक दिवस ठरव, आणि सुटी संपेपर्यंत तो दिवस चुकवू नकोस. जनावरं वार ओळखत नसतील, पण काका ओळखतात. कुणी येणार म्हटल्यावर ते त्या दिवशी काकूंना डॉक्टरकडे न्यायचं ठरवतात. येताना तुझ्या खोलीवरच्या जुन्या चादरी आणि रद्दीचे पेपर आण, फाटलेले असले तरी चालतील. पिल्लांसाठी खेळणी विकत आणू नकोस, त्या पैशांत ब्लीच येतं.

सोसायटीचे लोक काय म्हणाले ते मला कळव. चेअरमन ऐकत नसतील तर मी येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो, आपण दोघं मिळून बोलू. आईने गूळपोळ्या केल्यात, त्या घेऊनच येईन.

तुझा
बाबा